इंग्रजीच्या तासाला घरची भाषा

पालक, विद्यार्थी आणि विश्वस्त मंडळ यांच्यासाठी एक अभ्यासलेख

दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत आणि पालकसभेत आम्हां शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. "मुलाचे इंग्रजी सुधारावे म्हणून घरी मराठी बोलणे बंद करू का?" काही पालक विचारतही नाहीत, त्यांनी ते आधीच सुरू केलेले असते. आईवडील मुलाशी अडखळत इंग्रजी बोलतात आणि आजीला इंग्रजी येत नाही म्हणून तिचे आणि नातवाचे बोलणे "जेवलास का?" एवढ्यावर येऊन थांबते. याच काळजीतून आणखी एक सूचना पुढे येते. इंग्रजीच्या तासाला जो मराठी किंवा गुजराती शब्द बोलेल त्याला दंड करावा, म्हणजे मुले आपोआप इंग्रजी बोलू लागतील.

सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे हे आम्ही जाणतो. आपल्या शाळेतील मुलामुलींना उत्तम इंग्रजी यायलाच हवे, याबद्दल दुमत नाही. पुढचे शिक्षण, स्पर्धा परीक्षा, नोकरी सगळीकडे त्याची गरज आहे. प्रश्न एवढाच की इंग्रजी येण्यासाठी मुलाने घरची भाषा, घरचे शब्द आणि आपले नावसुद्धा वर्गाच्या दाराबाहेर ठेवून आत यावे का? आमचे उत्तर 'नाही' असे आहे. ते केवळ मराठीच्या प्रेमापोटी दिलेले नाही. घरची भाषा बाहेर ठेवली तर इंग्रजीच कच्चे राहते, असे आमचे म्हणणे आहे. ते का, आणि वर्गात नेमके काय करता येईल, हे या लेखात मांडत आहोत.

आपल्या मुलांच्या भाषा

बडोद्यात मराठी माणूस अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर स्थिरावला. आज आपल्या शाळेत येणारे मूल घरी मराठी बोलते, गल्लीत आणि दुकानात गुजराती, दूरदर्शनसमोर हिंदी, आणि वर्गात या सर्वांबरोबर इंग्रजी शिकते. २०२३ च्या कायद्याने गुजरातमधील सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकवणे अनिवार्य झाले आहे. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात तीन-चार भाषा असतात. पुष्कळांना हे ओझे वाटते. या नगरीचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक मुलगा १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्यास आला, तेव्हा त्याचे वय बारा वर्षांचे होते आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. पुढील काही वर्षांत त्याने मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चारही भाषांचा अभ्यास केला. तोच मुलगा म्हणजे महाराजा सयाजीराव गायकवाड. १९०६ साली त्यांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. राज्यकारभारातील शब्दांसाठी त्यांच्या काळात, १९३१ साली, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' नावाचा कोश निघाला. त्यात एका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे पर्याय मांडलेले आहेत. इंग्रजी शब्द समजून घ्यायचा तर आपल्या भाषा त्याच्या शेजारी मांडायच्या, ही रीत या शहरात अशी जुनीच आहे.

दंड करून पाहिलेल्यांचा अनुभव

घरची भाषा बोलल्याबद्दल मुलांना दंड करण्याची कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील वेल्स प्रांताच्या काही शाळांत ती चालत असे. तेथील मुलांची घरची भाषा वेल्श. शाळेत कोणी वेल्श बोलताना सापडले की त्याच्या गळ्यात लाकडाचा एक तुकडा अडकवला जाई. त्याने दुसऱ्या कोणाला वेल्श बोलताना पकडले की तो तुकडा त्या दुसऱ्याच्या गळ्यात जाई. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात तो असेल त्याला छडी बसे.

केनिया देशातील लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात बालपणीच्या शाळेबद्दल असेच लिहिले आहे. तेथे गिकुयू भाषा बोलणाऱ्या मुलाला मार तरी मिळे, नाही तर अपमानाचे शब्द लिहिलेली पाटी गळ्यात घालावी लागे. गुन्हेगार शोधण्यासाठी एक बटण एका मुलाकडून दुसऱ्याकडे फिरवले जाई. न्गुगी यांचा मुख्य मुद्दा मुलांच्या मनावर झालेल्या परिणामाचा आहे. आपल्याच सोबत्याला पकडून देण्याचे शिक्षण मुलांना मिळाले, आणि घरची भाषा म्हणजे शिक्षा व कमीपणा अशी गाठ त्यांच्या मनात बसली.

पालकांनी या ठिकाणी एका गोष्टीचा विचार करावा. दंडाला घाबरलेले मूल इंग्रजी बोलू लागत नाही, ते गप्प बसते. वर्गात आम्ही हे रोज पाहतो. ज्याला चुकण्याची भीती असते तो हात वर करत नाही. जो हात वर करत नाही त्याला बोलण्याचा सराव होत नाही. आणि सराव झाला नाही की चुका सुटत नाहीत. म्हणून दंडाची पेटी भरेल, पण इंग्रजी वाढणार नाही.

अभ्यासक काय सांगतात

अमेरिकेत इंग्रजी ही घरची भाषा नसलेली लक्षावधी मुले शाळेत जातात. सॅन फ्रान्सिस्को शहरात चिनी कुटुंबांतील सुमारे १८०० मुलांना इंग्रजी येत नसताना कोणतीही जादा मदत न देता नेहमीच्या वर्गात बसवले होते. हे प्रकरण 'लाउ विरुद्ध निकल्स' या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७४ साली न्यायालयाने निकाल दिला की सर्वांना तीच पुस्तके, तेच शिक्षक आणि तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक झाली असे होत नाही. ज्या मुलाला भाषाच कळत नाही त्याच्यासाठी शिक्षणाचे दार बंदच राहते. पद्धत कोणती वापरावी हे न्यायालयाने ठरवून दिले नाही, पण मुलाची भाषा लक्षात घेतल्यावाचून शाळेला पुढे जाता येणार नाही हे स्पष्ट झाले.

कॅनडातील शिक्षणशास्त्रज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली दोन प्रकारच्या भाषांमधला फरक दाखवला. एक खेळण्याबोलण्याची भाषा आणि दुसरी अभ्यासाची भाषा. इंग्रजी समाजात राहणारे परभाषक मूल बोलण्यापुरते इंग्रजी साधारण दोन वर्षांत उचलते. इतिहास-विज्ञानाचे उत्तर लिहिता येईल असे इंग्रजी यायला पाच ते सात वर्षे, कधी त्याहूनही जास्त लागतात. जिथे चोहीकडे इंग्रजी ऐकू येते तिथे ही स्थिती, तर बडोद्यात आपण किती धीर धरायला हवा हे उघड आहे. चौथीतले मूल फाडफाड इंग्रजी बोलत नाही म्हणून ते मागे पडले असे समजू नये.

कमिन्स यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. दोन भाषा म्हणजे मेंदूतले दोन वेगळे डबे नव्हेत. पाण्यावर हिमनगाची दोन टोके वेगळी दिसतात, पण खाली पाया एकच असतो. हे आपल्या अनुभवातलेही आहे. हातच्याची बेरीज मुलाला मराठीत एकदा कळली की इंग्रजीत ती नव्याने शिकवावी लागत नाही, फक्त शब्द नवे द्यावे लागतात. गोष्टीतला मुख्य मुद्दा काढणे, कारण सांगणे, तुलना करणे ही कौशल्ये मुलाने ज्या भाषेत उत्तम कमावली असतील तेथून ती इंग्रजीत येतात. मराठीचा पाया खणून काढला तर वर इंग्रजी कशावर बांधायची?

तिसरे उदाहरण अमेरिकेतील टूसान शहराचे. १९९२ साली लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शाळेतील शिक्षक मेक्सिकन वंशाच्या मजूर कुटुंबांच्या घरी गेले. मुलाच्या तक्रारी सांगायला नव्हे, तर ती माणसे काय काय जाणतात हे शिकायला. शेती, गुरे, बांधकाम, व्यापार, औषधी वनस्पती अशा कितीतरी गोष्टींचे ज्ञान त्या घरांत होते. एक विद्यार्थी मेक्सिकोतून आणलेल्या गोळ्या-मिठाई विकत असे. त्याच्या शिक्षिकेने त्यावरूनच वर्गात मिठाईचा प्रकल्प घेतला. गोळ्यांत काय असते, त्या बनतात कशा, दोन देशांतल्या मिठाईत फरक काय, याचा मुलांनी अभ्यास केला. एका विद्यार्थ्याची आई वर्गात येऊन मिठाई करायला शिकवून गेली. ज्या घराला 'मागासलेले' म्हटले जात होते तेच घर त्या दिवशी शाळा झाले.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला आधीच काय येते?

आता हा भाग खास तुमच्यासाठी. इंग्रजी शिकताना तुम्ही कोऱ्या पाटीने सुरुवात करत नाही. मराठी आणि गुजराती येत असल्यामुळे तुम्हांला भाषेबद्दल पुष्कळ काही आधीच ठाऊक आहे. पाहा.

१. 'वुई' एक, आपले दोन. "आम्ही सहलीला जाणार" असे मैत्रीण म्हणाली तर तुम्ही त्यात नाही. "आपण सहलीला जाणार" म्हणाली तर तुम्हीही डबा भरायला लागा! गुजरातीतही 'अमे' आणि 'आपणे' असा हाच भेद आहे. इंग्रजीतल्या 'वुई'वरून आणि हिंदीतल्या 'हम'वरून तो कळत नाही. म्हणून इंग्रजीत गरज पडली तर 'यू अँड आय' किंवा 'ऑल ऑफ अस' असे स्पष्ट करावे लागते. जो भेद तुम्हांला सहज येतो तो इंग्रजीला जास्तीचे शब्द घेऊन सांगावा लागतो.

२. 'यू' म्हणजे 'तू' की 'तुम्ही'? मुख्याध्यापकांशी बोलताना 'यू' म्हणायला पुष्कळ मुले बिचकतात. मोठ्यांना अरेतुरे केल्यासारखे वाटते. हे बिचकणे चुकीचे नाही, तो तुमच्यावरचा घरचा संस्कार आहे. पण गंमत अशी की जुन्या इंग्रजीत 'तू'साठी 'दाउ' असा वेगळा शब्द होता आणि 'यू' हा अनेकवचनी व आदराचा शब्द होता. पुढे रोजच्या बोलण्यातून 'दाउ' गेला आणि सगळेच एकमेकांना 'यू' म्हणू लागले. म्हणजे इंग्रजांनी 'तू' टाकला आणि 'तुम्ही' ठेवला! तेव्हा निर्धास्तपणे 'यू' म्हणा. आदर दाखवायला 'सर', 'मॅडम', 'प्लीज', 'कुड यू' हे शब्द आहेतच.

३. एका 'आंट'मध्ये चौघी. मावशी, आत्या, काकू आणि मामी या चौघींसाठी इंग्रजीत 'आंट' एकच. मावसभाऊ, आतेबहीण, चुलतभाऊ, मामेबहीण हे सगळे 'कझिन'. इंग्रजी निबंधात 'मावशी' हा शब्द तसाच लिहिला तरी चालेल, फक्त पहिल्या वेळी पुढे 'माय मदर्स सिस्टर' असे सांगून टाका. वाचणाऱ्याला नाते कळेल आणि तुमची मावशीही मावशीच राहील.

४. 'व्ही' आणि 'डब्ल्यू'. मराठीत 'व' एकच, म्हणून इंग्रजीतली ही दोन अक्षरे आपण सारखीच म्हणतो. 'व्ही'साठी वरचे दात खालच्या ओठाला हलकेच टेकवा. 'डब्ल्यू'साठी दात लावू नका, शिटी वाजवताना करतो तसे ओठ गोल करा. 'व्हेस्ट' म्हणजे बनियन आणि 'वेस्ट' म्हणजे पश्चिम. आरशासमोर दहा वेळा म्हणून पाहा.

५. 'झेड'चा उच्चार. "जरा थांब" यातला 'ज' आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा' या शब्दातला 'ज' सारखा नाही. पहिल्या उच्चारात जीभ दातांमागे लागते. तिथेच जीभ पूर्ण टेकू न देता हवा जाऊ दिली की 'झू', 'झिप' या शब्दांतला उच्चार मिळतो. तो तुमच्या तोंडात जवळजवळ तयारच आहे.

६. शब्दांची जागा. "माणसाला कुत्रा चावला" म्हणा की "कुत्रा माणसाला चावला" म्हणा, अर्थ तोच. कारण 'ला' हा प्रत्यय कोण कोणाला चावले ते सांगतो. इंग्रजीत असे प्रत्यय नाहीत, तिथे जागा हेच काम करते. 'डॉग बाइट्स मॅन' यातले दोन शब्द बदलून ठेवले तर माणूसच कुत्र्याला चावेल! म्हणून इंग्रजीत आधी करणारा, मग क्रियापद, मग बाकीचे.

७. 'अ' आणि 'द'. "एक राजा होता. त्या राजाला तीन मुली होत्या." गोष्ट अशीच सुरू होते ना? पहिल्यांदा 'एक' राजा, ओळख झाल्यावर 'तो' राजा. इंग्रजीत पहिल्यांदा 'अ किंग' आणि नंतर 'द किंग'. 'अ' आणि 'द'चे सगळे नियम यात बसत नाहीत, पण सुरुवात आजीच्या गोष्टीपासून करता येते.

नाव पूर्ण घ्यावे

वर्गात मुलाची पहिली ओळख म्हणजे त्याचे नाव. इंग्रजीच्या तासाला सिद्धेशचा 'सिड' होतो, वैष्णवीची 'व्हॅश' होते, आणि काही मुले ते मोठ्या हौसेने स्वीकारतात. मुलाने स्वतः निवडलेल्या लाडक्या नावाला आमची हरकत नाही. मात्र उच्चार अवघड वाटतो म्हणून दुसऱ्याने नाव कापू नये.

'ज्ञ' हे अक्षर घ्या. मराठी माणूस त्याचा उच्चार 'द्न्य' असा करतो, गुजराती माणूस 'ग्न' असा आणि हिंदी माणूस 'ग्य' असा. 'ज्ञानेश' या नावाचे इंग्रजी स्पेलिंग कसे करायचे हे त्यामुळे घरावर अवलंबून राहते. हा पाचवीतल्या मुलांसाठी उत्तम पाठ आहे. प्रत्येकाने आपल्या नावाचे स्पेलिंग फळ्यावर लिहायचे, ते असे का हे सांगायचे, नावाचा अर्थ एका इंग्रजी वाक्यात द्यायचा आणि सोबत्यांना उच्चार शिकवायचा. तासभर वर्ग इंग्रजी बोलतो आणि विषय असतो स्वतः विद्यार्थी. स्वतःबद्दल बोलायचे असले की लाजरे मूलही बोलते, असा आमचा अनुभव आहे.

निबंध कोणाचा?

'अ पिकनिक', 'अ रेनी डे', 'माय फॅमिली' असे निबंध मुले मार्गदर्शकातून पाठ करतात. त्यातले कुटुंब असते चौघांचे, बंगल्यासमोर बाग, आणि रविवारी सगळे समुद्रकिनारी जातात. लिहिणाऱ्या मुलाच्या घरी असतात सहा माणसे आणि शिवणयंत्र, आणि रविवारी सकाळी सेव-उसळ. मूल आपल्या घराबद्दल लिहीत नाही, कारण इंग्रजीत लिहिण्याजोगे घर आपले नव्हे असे त्याला वाटते. वेल्समधल्या लाकडाच्या तुकड्याने जे केले तेच इथे पाठ केलेला निबंध गुपचूप करतो.

त्याऐवजी १४ जानेवारी घ्या. आपल्या घरी ती संक्रांत असते आणि गच्चीवर गेले की उत्तरायण. खाली तिळगूळ, हळदीकुंकू, लहान भावंडाचे बोरन्हाण. वर फिरकी, मांजा आणि 'कायपो छे'ची आरोळी. दुपारी शेजारून उंधियु येतो. एका दिवसात मूल दोन भाषांतून आणि दोन रीतींतून ये-जा करते. यावर इंग्रजीत लिहायचे म्हटले की खरी भाषा कामाला लागते. बोरन्हाण म्हणजे काय हे परगावच्या वाचकाला सांगायचे तर कोणाला, कधी, कशाने, का ही सगळी उत्तरे द्यावी लागतात. त्यासाठी मार्गदर्शकात तयार वाक्य मिळत नाही. मुलाला ते स्वतः घडवावे लागते आणि त्यातूनच इंग्रजी येते.

टोरोंटो परिसरातील काही शाळांत परदेशांतून आलेल्या मुलांनी अशी द्विभाषिक पुस्तके तयार केली आहेत. गोष्ट आधी घरच्या भाषेत रचायची, आईवडिलांची मदत घ्यायची, मग शिक्षक व मित्रांच्या मदतीने इंग्रजी करायची, चित्रे काढायची आणि दोन्ही मजकूर शेजारी छापायचे. असे पुस्तक आजी वाचू शकते आणि शिक्षकही.

येथे एक सावधगिरी हवी. संस्कृती म्हणजे फक्त सण आणि नऊवारी नव्हे, आणि सगळी मराठी घरेही सारखी नसतात. कोणाकडे पोळी म्हणतात, कोणाकडे चपाती. कोणाच्या घरी गणपती बसतो, कोणाच्या घरी १४ एप्रिलला भीमजयंती असते, कोणाच्या घरी ईद. कोणाची आई गुजराती, कोणाचे वडील रिक्षा चालवतात, कोणाचे फरसाणाचे दुकान. एखाद्या मुलाला उभे करून "तुमच्यात काय करतात ते सांग" असे विचारले तर ते संकोचते. म्हणून काय सांगायचे आणि काय नाही हे मुलानेच ठरवावे.

मग तासाला मराठीच बोलायची का?

नाही. इंग्रजीच्या तासाला मुलांच्या कानावर भरपूर इंग्रजी पडलेच पाहिजे. शिक्षकाने प्रत्येक वाक्याचे लगेच भाषांतर केले तर मुले इंग्रजी ऐकत नाहीत, मराठी वाक्याची वाट पाहतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य ठेवण्याच्या तिच्या रीतीने व्याकरण पक्के होई. पण केवळ भाषांतर करून तोंडाला सराव होत नाही. म्हणून आमचा नियम साधा आहे. ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे इंग्रजीत. अडलेले विचारणे, दोन भाषांची तुलना करणे आणि लिहिण्याआधी आपसांत विचार करणे यांसाठी मराठी व गुजराती खुली.

पालकांनी घरी काय करावे

• मुलाशी तुम्हांला उत्तम येते त्या भाषेत भरपूर बोला. तुमच्या भाषेत गोष्टी, वाद, विनोद आणि कारणे असतात. अडखळत्या इंग्रजीत फक्त आज्ञा उरतात.

• तुम्हांला इंग्रजी येत नसले तरी अभ्यास घेता येतो. मुलाला धडा इंग्रजीत वाचू द्या आणि "आता मला मराठीत सांग" म्हणा. सांगता आले तर कळले आहे. अडले तर कुठे अडले ते त्यालाच समजेल.

• आजीआजोबांकडून एक गोष्ट ऐकून वहीत लिहून आणायला सांगा. इंग्रजी आम्ही वर्गात करून घेऊ.

• पाहुण्यांसमोर "इंग्रजीत बोलून दाखव" असा आग्रह धरू नका, आणि चुकीच्या इंग्रजीला हसू नका.

विश्वस्त मंडळास विनंती

भाषक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्यांनी सोयी कराव्यात, असे आपल्या राज्यघटनेचे कलम ३५०-अ सांगते. ते १९५६ साली घातले गेले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. शाळेचे धोरण याला धरूनच असावे. त्यासाठी आमच्या चार विनंत्या आहेत.

१. घरची भाषा बोलल्याबद्दल दंड, पाटी वा शिक्षा कोणत्याही इयत्तेत असू नये, असा लेखी ठराव करावा.

२. प्रवेश अर्जात दोन रकाने वाढवावेत, 'घरात बोलल्या जाणाऱ्या भाषा' आणि 'मुलाच्या नावाचा घरचा उच्चार'. याला खर्च काही नाही.

३. वाचनालयात एक कपाट मुलांनी केलेल्या द्विभाषिक पुस्तकांसाठी द्यावे. कागद, रंग आणि शिलाई यांपुरतीच तरतूद लागेल.

४. महिन्यातून एक तास पालकांसाठी राखावा. शिंपीकाम करणारी आई, सायकल दुरुस्त करणारे वडील, बँकेतून निवृत्त झालेले आजोबा यांनी आपले काम दाखवावे. मुलांनी प्रश्न इंग्रजीत तयार करून आणावेत, उत्तर कोणत्याही भाषेत घ्यावे आणि वृत्तांत इंग्रजीत लिहावा.

इंग्रजी माध्यमाच्या ओढीने आपल्या शाळेचा पट टिकवणे अवघड होत आहे, ही चिंता मंडळाइतकीच आमचीही आहे. पालक शाळा बदलतात ते इंग्रजीच्या भीतीने. येथे इंग्रजी चांगले येते आणि मूल घरापासून तुटतही नाही, असे त्यांना वर्गात दिसले तर ते थांबतील. दंडाच्या पाटीने ते थांबणार नाहीत, कारण ती पाटी मराठी शाळेतच मराठीला कमी लेखते.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. 'मावशी', 'आत्या', 'काकू', 'मामी' यांपैकी एकीबद्दल पाच इंग्रजी वाक्ये लिहा. नात्याचा शब्द तसाच ठेवा आणि पहिल्या वाक्यात तो समजावून सांगा.

२. 'आम्ही' आणि 'आपण' असलेले एकेक वाक्य लिहा आणि दोन्हींचे इंग्रजी असे करा की फरक कळेल.

३. घरातील एका मोठ्या माणसाला त्यांच्या कामातले पाच शब्द विचारा. प्रत्येक शब्दाचा उपयोग एका इंग्रजी वाक्यात सांगा. इंग्रजी प्रतिशब्द मिळाला नाही तर मूळ शब्दच वापरा.

स्वाध्याय दोन आठवड्यांत आपल्या इंग्रजीच्या शिक्षकांकडे द्यावा. वाक्यांत चुका असल्या तरी चालतील, त्या आपण वर्गात मिळून दुरुस्त करू. निवडक मजकूर वार्तापत्राच्या पुढील अंकात मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत शेजारी शेजारी छापू.